सिंथेसायझरवर बासरीची फुंकर घडवताना

बासरीचा एक लांबवलेला स्वर संगणकावर उलगडून पाहिला, तर त्याची लहर साइन वेव्हच्या, म्हणजे एकाच कंपनसंख्येच्या गुळगुळीत लहरीच्या, बरीच जवळ जाणारी दिसते; मूलस्वर ठळक असतो आणि वरचे उपस्वर (त्याच्यासोबत उमटणारे अधिक उंच स्वर) झपाट्याने क्षीण होत जातात. त्यामुळे हे वाद्य सिंथेसायझरवर, म्हणजे विजेच्या साहाय्याने ध्वनी घडवणाऱ्या यंत्रावर, उभे करणे सोपे असावे, असा समज होतो. प्रत्यक्षात नुसती साइन वेव्ह वाजवली, तर निघणारा आवाज निर्दोष असतो आणि नेमका म्हणूनच बासरीचा वाटत नाही.

उणीव असते ती फुंकरीची. ओठांतून निघालेला हवेचा पातळ झोत मुखरंध्राच्या पलीकडच्या कडेवर आदळतो, आळीपाळीने आत-बाहेर वळतो आणि नळीतील हवेला कंप देतो; पण त्या झोताची सारी शक्ती स्वरात उतरत नाही, आणि उरलेली सळसळ स्वराला अखेरपर्यंत चिकटून राहते. त्या सळसळीसाठी व्हाइट नॉइज (सर्व कंपनसंख्या सारख्याच असलेला 'शऽऽ' असा आवाज) घेऊन तो बँडपास फिल्टरमधून, म्हणजे ठरावीक पट्ट्यातल्याच कंपनसंख्या पुढे जाऊ देणाऱ्या गाळणीतून, गाळावा लागतो, आणि फिल्टरचे केंद्र वाजणाऱ्या स्वराबरोबर वर-खाली सरकते ठेवावे लागते. हे राहून गेले, तर बासरीशेजारी पंखा चालू असल्यासारखे ऐकू येते.

स्वराचा आरंभ त्याहून नाजूक असतो, कारण वाद्याची ओळख कानाला बरीचशी तेथेच पटते. 1987 मध्ये आलेल्या रोलँड डी-50 या सिंथेसायझरमध्ये आरंभापुरता ध्वनिमुद्रित तुकडा आणि पुढचा लांबणारा भाग यंत्रनिर्मित, अशी जोड देता येत असे. 1994 च्या यामाहा व्हीएल1 या सिंथेसायझरने वेगळी वाट धरली. त्यात नळीतून ये-जा करणाऱ्या लहरीचेच गणित मांडले जाते: सेकंदाला ध्वनीचे 44,100 नमुने (मोजमापे) धरले, तर 441 हर्ट्झच्या स्वरासाठी लहरीची एक फेरी 100 नमुन्यांची होते.

तरीही खरी अडचण, माझ्या मते, ध्वनीपेक्षा कीबोर्डात आहे. साध्या कीबोर्डावर पट्टी दाबल्या क्षणीचा जोर तेवढा यंत्राला कळतो. बासरीवादक मात्र स्वर चालू असतानाही श्वास बदलत असतो आणि रंध्रावरून बोट हळूहळू सरकवून मींड घेतो, जिची गती दर वेळी निराळी असते. म्हणून ब्रेथ कंट्रोलर, म्हणजे फुंकरीचा जोर यंत्राला कळवणारे साधन, जोडणे श्रेयस्कर ठरते. मात्र त्यातून येणारी फुंकर केवळ आवाजाच्या पातळीला जोडून भागत नाही; ती वाढताच उपस्वर उजळले पाहिजेत, सळसळ बदलली पाहिजे आणि स्वरही किंचित चढला पाहिजे.