एका पॉइंटचं वर्ष

ठाण्यात नौपाड्यातल्या एका सभागृहात डिसेंबर २०२४मध्ये एका बास्केटबॉल प्रशिक्षकाने दिलेल्या व्याख्यानाचं हे संपादित रूप.

मंडळी, विषय दिलाय 'सरत्या वर्षातलं जागतिक बास्केटबॉल'. एनबीए, म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक लीग, आधी उरकून टाकतो. बोस्टन सेल्टिक्सने अंतिम मालिकेत डॅलसला ४-१ असं हरवून अठरावं विजेतेपद घेतलं. मालिका इतकी एकतर्फी झाली की मला त्यातलं फारसं आठवतही नाही.

मला बोलायचंय ते पायाच्या चवड्याबद्दल.

११ ऑगस्ट. पॅरिस ऑलिंपिकचा शेवटचा दिवस, महिलांची फायनल, अमेरिका विरुद्ध फ्रान्स. १९९२ची सेमीफायनल गमावल्यापासून अमेरिकेच्या मुली ऑलिंपिकमध्ये एकही मॅच हरलेल्या नाहीत, सलग साठ जिंकून इथं पोचलेल्या. अगदी शेवटी स्कोअर ६७-६४. फ्रान्सला तीन पॉइंट हवेत. गॅबी विल्यम्स बॉल घेऊन धावत येते, फेकते, बॉल बोर्डाला लागून आत जातो आणि बझर वाजतो. लोक उड्या मारायला लागले, आता ज्यादा वेळ होणार म्हणून. पण पॉइंट दोनच धरले गेले, कारण तीन पॉइंट बास्केटभोवतीच्या कमानीसारख्या रेघेबाहेरून मारलं तरच मिळतात, आणि उडी घेताना तिचा पाय त्या रेघेवर होता. ६७-६६. अमेरिकेचं सलग आठवं सुवर्ण.

तुमच्यात जे कबड्डी खेळलेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. बोनस घेताना एक पाय रेषेपलीकडे टेकायचा आणि मागचा हवेत हवा. मागचा टेकलेला राहिला की बोनस गेला. आमच्याकडे पाय रेघेच्या मागे ठेवायचा, एवढाच फरक. रेघ स्वतः दोनच्या हद्दीत मोजतात. तिला नुसता बूट लागला तरी तीन मिळत नाहीत. एकदा मागून उडी घेतली, की मग खाली कुठेही उतरा.

थ्री-बाय-थ्रीचंही तेच. अर्ध्या कोर्टवर तिघं-तिघं, आपण सोसायटीत खेळतो तसंच; कमानीच्या आतून एक पॉइंट, बाहेरून दोन. पुरुषांची फायनल ज्यादा वेळेत गेली आणि नेदरलँड्सच्या वर्दी डी जाँगच्या एका बाहेरच्या शॉटवर १८-१७ अशी संपली. समोर पुन्हा फ्रान्सच! घरचं मैदान, एकच ऑलिंपिक, दोनदा एका पॉइंटने. त्यांच्या जागी मी असतो तर आठवडाभर घराबाहेर पडलो नसतो.

पण मला सगळ्यात आवडलेला एक पॉइंट साध्या सराव सामन्यातला आहे. २० जुलै, लंडन, अमेरिका विरुद्ध दक्षिण सुदान. हा देशच २०११चा. त्यांच्या बास्केटबॉल संघटनेचा अध्यक्ष लुओल डेंग. हा लहानपणी यादवी युद्धामुळे घर सोडून इजिप्तला गेला, तिथून लंडनला, आणि पुढे एनबीएत दोनदा ऑल-स्टार झाला. या सामन्याच्या वेळी दक्षिण सुदानमध्ये छताखालचं एकही कोर्ट नव्हतं. पावसाळ्यात कोर्ट बंद पडतं हे रडगाणं ठाण्यात सगळ्यात जास्त मीच गातो, म्हणून हे माझ्या फार जिव्हारी लागलं.

तर हा संघ मध्यंतराला अमेरिकेच्या १४ पॉइंट पुढे होता. लेब्रॉन, करी, ड्युरंट वगैरे सगळी देवमंडळी तेव्हा अमेरिकेच्या संघात होती बरं का! शेवटचे आठ सेकंद उरले असताना लेब्रॉनने ले-अप, म्हणजे बास्केटच्या अगदी जवळून शॉट, टाकला तेव्हा कुठे १०१-१००. आठ दिवसांनी लील शहरात त्यांचा ऑलिंपिकमधला पहिला सामना. राष्ट्रगीत लागलं ते चुकून सुदानचं, म्हणजे ज्यांच्यापासून ते वेगळे झाले त्यांचंच. मग थांबवून बरोबर गीत लावलं. पोरांनी प्वेर्तो रिकोला ९०-७९ हरवलं.

आपल्याकडेही अशी एक मॅच होऊन गेलीय. ४ ऑक्टोबर २०१९, वरळीचा डोम, इंडियाना पेसर्स आणि सॅक्रॅमेंटो किंग्ज हे एनबीएचे दोन संघ; ज्यादा वेळेत १३२-१३१. प्रेक्षकांत शाळकरी मुलंच मुलं होती. गंमत म्हणजे दुसऱ्या दिवशी त्याच दोन संघांत २४ पॉइंटचा फरक पडला.

मघाशी एका ताईंनी विचारलं, की आपली मुलं या खेळात कुठे कमी पडतात. उंचीचं उत्तर सगळेच देतात. मी आमच्या कोर्टपुरतं सांगतो. आमची कमान अजून जुन्या मापाची आहे, ६.२५ मीटर. जगाने ती २०१०मध्ये ६.७५वर नेली. चौदा वर्षं आमची पोरं अर्धा मीटर आतून मारून स्वतःला शूटर समजतात, आणि बाहेर खेळायला गेली की बॉल रिंगच्या अलीकडेच पडतो. मग मला सांगतात, "सर, तिथली रिंग जरा लांब होती."

रविवारी सकाळी सातला जुनी रेघ घासून काढतोय. रंग आणलाय, टेपही आहे. ब्रश कमी आहेत, ते घेऊन या. आणि माप बास्केटच्या बरोब्बर खालच्या बिंदूपासून रेघेच्या बाहेरच्या कडेपर्यंत धरायचं, आतल्या नाही. कोपऱ्यात कमान सरळ होते, तिथे साइडलाइनपासून ९० सेंटीमीटर. ते मात्र माझ्यासमोरच मोजा.