दगडावर आधी पाणी ओता

(दृश्य: दगडांचं आवार. ओळीने टेकवून ठेवलेल्या फरश्या, मागे डबराचे ढीग. एक हात मगाने फरशीवर पाणी ओततो.)

कोरडी होती तोवर ही फरशी नुसती राखाडी होती. पाणी पडलं आणि तिचा हिरवट रंग वर आला, मधली तांबूस शीर उठून दिसू लागली. बागेसाठी किंवा अंगणासाठी दगड घ्यायला आलेल्याने सगळ्यात आधी हेच करावं. घरात बसवलेला दगड वर्षानुवर्षं कोरडा राहतो. बाहेरच्याच्या नशिबी दव, पाऊस आणि झाडांना घातलेलं पाणी. म्हणून त्याचा रंग ओल्यात बघायचा. पण रंगाच्याही आधी बघायचं ते हे, की हा दगड पाण्याशी वागतो कसा.

(दृश्य: अगदी जवळून. शेजारी शेजारी ठेवलेले दोन तुकडे. दोघांवर एकेक थेंब पडतो.)

डावीकडे ग्रॅनाइट आहे. थेंब मण्यासारखा त्याच्यावर बसून राहिलाय. उजवीकडे वालुकाश्म, म्हणजे सँडस्टोन. इथला थेंब पसरला, कडेने काळसर वर्तुळ झालं आणि दहा आकडे मोजून होईपर्यंत दिसेनासा झाला.

कारण दोघांच्या जन्मातच आहे. ग्रॅनाइट जमिनीच्या पोटात, वितळलेला खडक सावकाश थंड होऊन बनतो; त्याचे स्फटिक एकमेकांत घट्ट गुंतलेले असतात. वालुकाश्म म्हणजे थरावर थर साचलेली, दाबाखाली जुळून आलेली वाळू. कणाकणांमध्ये जागा उरते आणि पाणी तिथेच शिरतं. चांगला ग्रॅनाइट स्वतःच्या वजनाच्या अर्धा टक्काही पाणी पीत नाही. वालुकाश्म आणि चुनखडक यांचं मात्र नावावरून काही सांगता येत नाही. एखादा 1 टक्क्याच्या आत राहतो, एखादा 10 टक्क्यांच्या वर जातो. म्हणून नुसतं नाव ऐकून सौदा करू नका, नमुन्याचा तुकडा घरी न्या. कोरडा असताना तोला, 24 तास पाण्यात बुडवून ठेवा, पुसून पुन्हा तोला. 2 किलोचा तुकडा 100 ग्रॅमने वाढला, तर त्याने 5 टक्के पाणी प्यायलं.

प्यायलेलं पाणी तिथे गप्प बसत नाही. जमिनीतले क्षार सोबत घेऊन ते वर येतं, उन्हाने उडून जातं आणि क्षार मागे राहतात. भिंतीला लोणा लागतो तसा पांढरा थर दिसू लागतो, आणि पृष्ठभागाच्या आत क्षारांचे स्फटिक वाढले की पापुद्रे सुटायला लागतात. थंड प्रदेशात याहून वाईट होतं. पाणी गोठताना सुमारे 9 टक्क्यांनी फुगतं आणि दगड आतून फोडतं.

याचा अर्थ पाणी पिणारा दगड टाकाऊ, असा नाही. वालुकाश्माचा उबदार रंग मला फार आवडतो. तो उन्हातल्या बसण्याच्या कट्ट्यावर किंवा वाफ्याच्या कडेला वापरावा. सतत ओल असलेल्या सावलीत त्याला टाकलं, की शेवाळ धरतं आणि निसरडं होतं. वरून पाणी रोखणारं रसायन फासलं की प्रश्न मिटला, असं सांगणारे भेटतील. खालून येणारी ओल त्या थराखाली अडकली, तर पापुद्रे उलट लवकर सुटतात.

(दृश्य: एक कारागीर लहान हातोडीने एकेका फरशीवर टिचकीसारखा ठोका देत जातो. आवाज स्पष्ट ऐकू येऊ द्या.)

ऐका. खणखणीत. ही पण खणखणीत. आणि ही... बद्द. डोळ्यांना दिसत नाही, पण आत कुठेतरी तडा आहे. ही बाजूला काढायची.

आता व्हिनेगरचा एक थेंब. संगमरवरावर आणि चुनखडकावर बारीक बुडबुडे येतात, कारण हे दगड मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे असतात आणि आम्लाने विरघळतात. ग्रॅनाइटवर काही होत नाही. ही चाचणी बांधकामाच्या शेवटच्या दिवशी उपयोगी पडते. फरशीवर सांडलेलं सिमेंट काढायला सर्रास ॲसिड वापरतात, आणि बुडबुडे येणाऱ्या दगडाची त्यात वाट लागते. एकदा चमक गेली, की धुऊन परत येत नाही. माशांच्या तळ्याच्या काठाला लावायचा दगडही असाच तपासा. चुनखडकामुळे पाण्याचा कडकपणा आणि पीएच वाढू शकतो.

पांढऱ्या दगडात सोनेरी चकाकणारे ठिपके दिसले, तर मोहून जाऊ नका. बहुधा ते लोहयुक्त खनिज असतं. हवा-पाण्याने ते गंजतं आणि तांबूस ओघळ उमटतात.

(दृश्य: घराच्या तीन पायऱ्या. ओल्या, आरशासारख्या चकचकीत.)

या पायऱ्या माझ्या घरच्या. दगड उत्तम, ग्रॅनाइट. विक्रेत्याने सांगितलं, घासून चकचकीत केलेलाच घ्या, साफ करायला सोपा. आम्ही ऐकलं. पहिल्याच पावसात आई वरच्या पायरीवरून घसरली आणि तिचं मनगट मोडलं. प्लास्टर निघाल्यावरही कित्येक महिने ती त्या पायऱ्यांवरून भिंतीला हात लावूनच उतरायची. दगड बदलावा लागला नाही. फरश्या काढल्या आणि तोच ग्रॅनाइट टाकी मारून, म्हणजे छिन्नीने टोचून, खडबडीत करून घेतला. आता ती त्याच पायऱ्या पावसातही उतरते.

म्हणून मी पुन्हा पुन्हा सांगतो: दगडाची जात जितकी महत्त्वाची, तितकंच त्याच्या वरच्या अंगावर काय काम केलंय तेही. टाकी मारलेला दगड पायाला धरतो. निसर्गतःच थरावर चिरलेला, म्हणजे स्लेट किंवा क्वार्टझाइट, तोही धरतो. ग्रॅनाइटला ज्योतीने भाजूनही खडबडीत करतात. आगीचा झोत फिरला, की वरचे स्फटिक वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात आणि बारीक कपच्या उडतात. चुनखडकाला किंवा संगमरवराला ही आग लावायची नसते, त्यांचा चुना होतो. नमुना घेताना ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहा. दुपारीही एकदा उभे राहा, कारण काळा दगड उन्हात इतका तापतो की पाय ठेववत नाही.

(दृश्य: खोदलेली जागा. खडीचा थर, त्यावर धुमस पडतोय.)

दगड कितीही निवडून घ्या, खालचा थर कच्चा असेल तर तो हलणार. पायवाटेसाठी साधारण 10 सेंटिमीटर खडी ठोकून बसवावी. फरशी माणसांच्या वावरासाठी 3 सेंटिमीटर जाड पुरते. गाडी येणार असेल तर 5 किंवा त्याहून जास्त. उतार घरापासून दूर द्यायचा, दर 60 सेंटिमीटरला साधारण 1 सेंटिमीटर. नमुने आणि माल यांत फरक पडतोच, म्हणून लागेल त्याच्या 10 टक्के जास्त माल एकाच खेपेत मागवा, आणि लावताना दोन-तीन ढिगांतून आलटून पालटून उचला. मग रंगातला फरक एका कोपऱ्यात साठत नाही.

(दृश्य: क्रेनच्या पट्ट्यात लटकलेला मोठा धोंडा, हळूहळू खड्ड्यात उतरतो.)

एक मीटर व्यासाचा गोल धोंडा सुमारे 1400 किलो भरतो. तो आणायच्या आधी, तो फाटकातून आत कसा येणार ते ठरवा. आणि जमिनीवर नुसता ठेवू नका, तो कुणीतरी विसरून गेल्यासारखा दिसतो. त्याची रुंद बाजू खाली जाईल, जवळजवळ एक तृतीयांश भाग मातीत गडप होईल, असा खड्डा घ्या. मग तो तिथेच जन्मल्यासारखा वाटतो. जपानमध्ये क्योतोच्या र्‍योआन-जी मंदिराच्या बागेत पांढऱ्या खडीत फक्त 15 दगड आहेत. ओसरीवर बसून कुठूनही पाहिलं, तरी सगळे एकदम दिसत नाहीत. एखादा तरी दुसऱ्याआड जातो. इतक्या थोड्या दगडांत इतकं साधता येतं, हे बघितलं की ट्रक भरून धोंडे आणायचा हट्ट आपोआप कमी होतो.

(दृश्य: सिमेंटशिवाय रचलेला गडगा. चिपा ठोकून बसवणारे हात.)

गडगा रचायचा असेल, तर सपाट तळाचा डबर निवडा, गोलटे नकोत. खालच्या दोन दगडांच्या सांध्यावर वरचा एक दगड यावा. मधूनमधून भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड हवेत, आणि पोटात चिपा घट्ट ठासलेल्या. दोन्ही अंगं किंचित आत झुकलेली. या कोरड्या बांधणीची कला युनेस्कोने 2018 मध्ये मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. तिचं मोठं बळ हे, की पाणी तिच्या फटींतून निघून जातं, मागे तुंबत नाही. थरांचा दगड असेल, तर खाणीत होता तसाच आडवा ठेवा. उभा केला की थरांत पाणी शिरतं आणि पुस्तकाची पानं सुटावीत तसा सुटतो.

शेकोटीभोवती मात्र नदीतले गोटे कधीच लावू नका. आत मुरलेल्या पाण्याची वाफ झाली, की गोटा फुटून तुकडे अंगावर उडतात.

(दृश्य: कटरचं पातं. आधी कोरडं, पांढऱ्या धुळीचा लोट. मग पातं पाण्याच्या धारेखाली.)

हे दृश्य मुद्दाम लांबवलंय. ही पांढरी धूळ म्हणजे सिलिका. ग्रॅनाइटमध्ये आणि वालुकाश्मात ती भरपूर असते. फुप्फुसात जाऊन बसली, की सिलिकोसिस होतो आणि त्यावर बरं करणारा इलाज नाही. अशी धूळ माणसात कर्करोग घडवते, हे कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने 1997 मध्येच जाहीर केलं आहे. तुमच्या अंगणात कुणी कोरडा दगड कापत असेल, तर काम थांबवा. पातं पाण्याखाली चालवायला सांगा, तोंडावर धूळ रोखणारा नीट बसणारा मास्क द्या. त्याने काम थोडं लांबेल. लांबू द्या.

(दृश्य: पूर्ण झालेलं अंगण. पाऊस नुकताच थांबलाय. कॅमेरा फरश्यांवरून सावकाश सरकतो.)

पहिला मोठा पाऊस थांबला, की बाहेर या. पाणी कुठे साचलंय ते खडूने आखा; तिथला उतार चुकलाय. मग तासाभराने पुन्हा या. बहुतेक फरश्या वाळून फिकट झालेल्या असतील. एखादीच अजून काळसर असेल. ती उचलून बघा, खाली एक तर पाणी अडलंय, नाही तर तीच पाणी पितेय.