पाळीची वाट कशाला बघायची?

नाशिकच्या द्वारका चौकात एसटी अडकलीय, नेहमीचंच. खिडकीशी बसलेल्या ताईंच्या मांडीवरच्या पिशवीत आइसपॅकमध्ये गुंडाळलेली हार्मोनची इंजेक्शनं आहेत, फ्रीजच्या गारव्यात, २ ते ८ डिग्रीत ठेवायला लागतात. ताई निफाडहून सोनोग्राफीला निघाल्यात. कॅमेऱ्यात चेहरा दाखवायचा नाही हे त्यांनीच सांगितलंय. स्तनाचा कॅन्सर आहे, केमो सुरू व्हायचीय, केमोचा अंडाशयाला फटका बसू शकतो म्हणून त्याआधी बीजांडं काढून फ्रीझ करायचीत. आणि हे करता येतं हे त्यांना कुणी सांगितलं? नर्स असलेल्या मावसबहिणीनं.

टेस्ट ट्यूब बेबीची ट्रीटमेंट घेतलेल्या कुणालाही विचारा, पाळीचा दुसरा-तिसरा दिवस तोंडपाठ असतो, इंजेक्शनं तेव्हाच सुरू करायची. तेव्हा छोटी फॉलिकल, म्हणजे अंडाशयातल्या बीजांडाच्या पाणीभरल्या पिशव्या, साधारण सारख्या मापाची असतात, सोबत वाढतात, आणि गर्भ त्याच महिन्यात आत सोडायचा तर गर्भाशयाचं अस्तरही वेळेत तयार व्हायला लागतं. पण फ्रीझच करायचंय तर अस्तराचा संबंधच कुठे येतो?

आपल्याकडे हा विचार जुना आहे बरं का. १९७८ साली कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जींनी इंजेक्शनं देऊन बीजांडं वाढवली, गर्भ फ्रीझ केला आणि नंतरच्या पाळीचक्रात आत सोडला. सरकारी समितीनं त्यांना खोटं ठरवलं, १९८१ मध्ये ते गेले, मान मिळाला तो कितीतरी वर्षांनी.

आता सोनोग्राफीची स्क्रीन बघा. हे काळे गोल म्हणजे फॉलिकल, दोन टोकांना फुल्या मारून डॉक्टर माप घेतायत. ताईंची पाळी येऊन गेलीय, जुन्या हिशोबानं पुढच्या पाळीपर्यंत थांबा म्हणाले असते. पण एकाच चक्रात फॉलिकलच्या दोन-तीन लाटा येतात, कॅनडातल्या संशोधकांनी रोज सोनोग्राफी करून २००३ मध्ये हे दाखवलं, म्हणून आता कुठल्याही दिवशी सुरू करता येतं. याला रँडम स्टार्ट म्हणतात. एखाद-दोन दिवस जास्त लागतात, औषध थोडं जास्त लागतं, बीजांडं मात्र साधारण तेवढीच मिळतात.

हे इंजेक्शनचं पेन. मागची चकती फिरवली की टक टक वाजतं, छोट्या खिडकीत आकडा सरकतो, फाइलवरचा आकडा आला की थांबायचं, बेंबीच्या बाजूला चिमटीत कातडी धरायची आणि टोचायचं. ताई स्वतःच घेतात. इस्ट्रोजेन फार चढू नये म्हणून लेट्रोझोलच्या गोळ्याही चालू आहेत.

मोठी फॉलिकल १७-१८ मिलिमीटरला पोचली की ट्रिगर, म्हणजे बीजांडं पक्व करणारं शेवटचं इंजेक्शन, मग ३४ ते ३६ तासांनी बीजांडं काढतात. ऑपरेशन थिएटरमध्ये कॅमेरा नेता आला नाही. अंडाशय सुजू शकतं, खर्च बराच आहे, फ्रीझ केलं म्हणजे मूल होईलच असंही नाही, हे सगळं डॉक्टर आधीच सांगतात.

सगळं मिळून साधारण दोन आठवडे. निदानाच्या पहिल्याच भेटीत कॅन्सरच्या डॉक्टरांनी फर्टिलिटीच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली तर बहुतेक वेळा केमोची तारीखही हलवावी लागत नाही.