वर्षाला किती करता?

श्रोतेहो, नमस्कार.

घरात कुणाला स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला की आपण सर्जनला विचारतो, खर्च किती, किती दिवस राहावं लागेल, जिवाला धोका नाही ना? एक प्रश्न मात्र ओठांवर येऊन परत जातो. "डॉक्टर, अशी ऑपरेशनं तुमच्याकडे वर्षाला किती होतात?" तो विचारणं उद्धटपणाचं वाटतं. बिनदिक्कत विचारा.

या ऑपरेशनला व्हिपल म्हणतात. स्वादुपिंडाचं डोकं, आतड्याचा सुरुवातीचा भाग आणि पित्तनळीचा तुकडा काढायचा आणि उरलेलं सगळं पुन्हा आतड्याला जोडायचं. त्यातला स्वादुपिंडाचा जोड सर्वांत बेभरवशाचा. मऊ स्वादुपिंडात टाका जरा जोरात ओढला की लोणी चिरावं तसा चिरत जातो. तिथून पाझरणारा रस अन्न पचवणारा. तो शेजारच्या रक्तवाहिनीलाही सोडत नाही.

अमेरिकेत ज्येष्ठांच्या सरकारी विम्याच्या नोंदींवरून 2002 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. स्वादुपिंडाची ऑपरेशनं अगदी क्वचित होणाऱ्या रुग्णालयांत शंभरातले सोळा रुग्ण दगावत होते, भरपूर होणाऱ्या ठिकाणी चारांहून कमी. मानेतली रक्तवाहिनी साफ करण्याच्या ऑपरेशनात मात्र फरक जेमतेम होता. म्हणजे ऊठसूट मोठ्या शहराकडे धावायलाच हवं, असंही नाही.

हे निव्वळ सर्जनच्या हाताचं कसब असेल, असं मलाही वाटायचं. पण 2009 साली अमेरिकेतच दिसलं, की जास्त मृत्यूंच्या आणि कमी मृत्यूंच्या रुग्णालयांत गुंतागुंती जवळपास सारख्याच होतात. फरक पडतो तो गुंतागुंत झाल्यावर रुग्णाला वाचवण्यात.

समजा, आठवी रात्र आहे. ड्रेनच्या, म्हणजे पोटातला पाझर बाहेर आणणाऱ्या नळीच्या, पिशवीत चमचाभर ताजं रक्त दिसतं. रुग्ण शांत झोपलाय. ज्या सिस्टरने हे आधी पाहिलंय, ती सकाळच्या राउंडची वाट बघत नाही, लगेच फोन उचलते. तेवढं रक्त कधी कधी मोठ्या रक्तस्रावाची वर्दी असते. वर्षाला दोनच व्हिपल होत असतील, तर तिने ते कुठे पाहिलेलं असणार?

नेदरलँड्सने 2011 पासून दंडकच घातला: वर्षाला किमान 20, नाहीतर हे ऑपरेशन करायचं नाही.

आपल्याकडे असा दंडक घालणं सोपं नाही. परळचं टाटा रुग्णालय 1941 पासून उभं आहे आणि त्याच्या आसपासचे फुटपाथही आपण पाहिलेत. नातेवाइकाची बुडालेली रोजंदारी, गाडीभाडं, धर्मशाळेतल्या खोलीसाठी लावलेला नंबर, हे कुठल्याच बिलात येत नाही. म्हणून लांब जायचं ते ऑपरेशनपुरतं. केमो, ड्रेसिंग, तपासण्या जमतील तेवढ्या घराजवळच व्हाव्यात.

आणि हो, जाताना नुसता रिपोर्ट नेऊ नका, सीटी स्कॅनची सीडीही घ्या. तिथले डॉक्टर फोटो स्वतः पाहतात. कावीळ असेल आणि कुणी पित्तनळी मोकळी करायला स्टेंट, म्हणजे छोटी नळी, टाकू म्हणालं, तर जिथे ऑपरेशन होणार आहे तिथे आधी एक फोन करून विचारा.

नमस्कार.