मागेल त्याला काम

हा पाझर तलावाचा बांध बघा. सोलापूर, बीड, सांगलीचा पूर्व भाग, या सगळ्या दुष्काळी पट्ट्यात असे बांध दिसतात. ज्यांच्या हाताला दुसरं काम उरलं नव्हतं, त्यांनी घमेल्या-घमेल्यानं माती वाहून ते घातले.

साल 1972. सलग तिसऱ्या वर्षी पाऊस हुकला. जिरायती गावात पीक बुडालं की मजुरीही बुडते; शेतकरी आणि शेतमजूर दोघंही एकदमच रिकामे होतात. सरकारनं दुष्काळी कामं काढली. रस्ते, तलाव, नालाबांध. 1973 च्या उन्हाळ्यात या कामांवर जवळपास 50 लाख माणसं होती. तान्ही पोरं सावलीला ठेवून बाया खडी फोडत. खायला सुकडी, म्हणजे पिठाचा कोरडा खाऊ, मिळे. बहात्तरचा दुष्काळ पाहिलेल्या कुणालाही विचारा, सुकडीची चव त्यांना अजून आठवते.

या कामांमागचा विचार मात्र दुष्काळाच्या आधीचा. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी 1965 मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूरला तो करून पाहिला होता. काम ही सरकारची मेहेरबानी नको, मागणाऱ्याचा हक्क हवा, हे त्यांचं म्हणणं. 1977 मध्ये विधिमंडळानं रोजगार हमी कायदा केला. 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. अर्ज केल्यापासून 15 दिवसांत काम, नाहीतर बेकारभत्ता. बाया-पुरुषांना मजुरीचा दर एकच.

आणि पैसा? नोकरदार-व्यावसायिकांकडून व्यवसाय कर घ्यायचा, तेवढीच भर राज्यानं घालायची. मुंबईतल्या पगारातून कापलेले रुपये माणदेशातल्या मजुराच्या हातात पडू लागले. या योजनेतली मला सर्वांत मोलाची वाटते ती ही गोष्ट.

2005 मध्ये देशानं असाच कायदा केला, पण वर्षाला कुटुंबामागे 100 दिवसांचा. महाराष्ट्राच्या मूळ हमीला दिवसांची मर्यादा नव्हती.

हक्क कागदावर आला तरी पदरात पडेलच असं नव्हतं. मजुरी रखडायची. मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, खोटी नावं चढायची. बेकारभत्ता तर क्वचितच कुणाच्या हाती लागला. म्हणून मजुरांच्या संघटना एका साध्या गोष्टीसाठी अडून बसत: कामाच्या अर्जाची तारखेसह पोच. ती मिळाल्याशिवाय ते 15 दिवस मोजायला सुरुवातच होत नसे.