हजेरीपटावरचे 240 दिवस

मित्रहो, टेलिफोन कामगारांच्या चळवळीचा इतिहास सांगताना आपण बहुधा संपांच्या तारखा सांगतो. 1946चा टपाल-तार संप झाला तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. त्यानंतर जुलै 1960मध्ये केंद्रीय कर्मचाऱ्यांचा पाच दिवसांचा संप झाला आणि 19 सप्टेंबर 1968 रोजी एक दिवसाचा लाक्षणिक संप झाला, ज्याची किंमत अनेकांनी नोकरी गमावून मोजली. या लढ्यांचे मोल मोठे आहेच. तरीही या चळवळीचे सर्वांत मोलाचे काम मला रोजंदारी मजदुराला कायम करून घेण्यात दिसते.

हा मजदूर कोण होता? खांबांसाठी खड्डे खणणारा, केबलसाठी चर काढणारा, तारा ओढणारा. आपल्या काळ्या मातीत हे काम सोपे नव्हते: उन्हाळ्यात जमीन भेगाळते, पावसाळ्यात फुगते, खांब कलतात आणि केबलच्या जोडात पाणी शिरले की अख्ख्या गल्लीचे फोन बंद पडतात. लाईनमनबरोबर तोच मजदूर पुन्हा चिखलात उतरत असे. मजुरी मात्र रोजावर, आणि उद्याच्या कामाची खात्री नाही.

27 ऑक्टोबर 1987 रोजी सर्वोच्च न्यायालयाने टपाल-तार खात्यातील रोजंदारी कामगारांच्या बाजूने निकाल दिला. त्यांना त्या-त्या कामाच्या नियमित वेतनश्रेणीतील किमान वेतनाच्या दराने मजुरी द्यावी आणि एक वर्षाहून अधिक काळ सलग काम केलेल्यांना सामावून घेण्याची योजना आखावी, असा तो आदेश होता. त्यानुसार दूरसंचार खात्याची 1989ची योजना आली. तात्पुरत्या दर्जासाठी, म्हणजे कायम होण्याच्या आधीच्या पायरीसाठी, वर्षात 240 दिवसांचे काम भरावे लागे, आणि पाच दिवसांच्या आठवड्याच्या कार्यालयांत 206 दिवसांचे. निकाल दिल्लीत लागला असला, तरी हे दिवस सिद्ध व्हायचे ते गावोगावच्या मस्टरवर. भरलेला दिवस मस्टरवर नसेल, तर मजदुराचा हक्कच बुडणार. अशा वेळी जुनी मस्टरे आणि मजुरीच्या पावत्या ताडून पाहणाऱ्या, अर्ज लिहून देणाऱ्या कार्यकर्त्याची किंमत सभेतल्या वक्त्याहून तसूभरही कमी नसते. कागदावर चाललेली ही लढाई मला अतिशय आदरणीय वाटते.

1 ऑक्टोबर 2000 रोजी भारत संचार निगम स्थापन होण्याआधी, त्याच सप्टेंबरात कर्मचाऱ्यांनी संप केला. खात्यातून निगमात गेलेल्यांचे निवृत्तिवेतन सरकारी तिजोरीतून मिळण्याची हमी त्यांनी पदरात पाडून घेतली. 31 जानेवारी 2020 रोजी सुमारे 78 हजार कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन एकाच दिवशी बाहेर पडले, तेव्हा त्या हमीचे मोल घराघरांत कळले.

आज फायबर जोडणारा तरुण बहुधा ठेकेदाराचा माणूस असतो. त्याची हजेरी ठेकेदाराच्या वहीत लागते, आणि ती वही तपासण्याचा अधिकार संघटनेला मिळवून देणे, हे काम अजून व्हायचे आहे.