आदल्या बंदरातला कागद

कार्यक्रमपत्रिकेवर विषय छापलाय, ‘स्वतःच्या शिडाच्या नौकेने परदेशात शिरताना: कस्टम्स आणि इमिग्रेशनचे टप्पे’. टप्पे सांगणार आहे. पण आधी माझं एक लाडकं मत ऐकून घ्या, घरात ते आता कुणी ऐकत नाही. परदेशात प्रवेश होतो तो आदल्या देशाच्या बंदर-कचेरीत. नव्या बंदरात त्याची नुसती पोच मिळते.

आता तुम्ही सगळे शीड हाताळणारी मंडळी, तेव्हा पिवळा बावटा कधी चढवायचा हे सांगत बसत नाही. गंमत एवढीच की पूर्वी पिवळा बावटा दिसला की लोक लांब पळायचे, कारण जहाजावर साथ असायची. आजच्या संकेतावलीत त्याचा अर्थ नेमका उलट: आम्ही ठणठणीत आहोत, किनाऱ्यावर येऊ द्या. रागुसाने, म्हणजे आजच्या क्रोएशियातल्या दुब्रोव्हनिकने, १३७७ मध्ये साथीच्या मुलखातून येणाऱ्यांना महिनाभर बाहेर बसवायला सुरुवात केली. पुढे महिन्याचे चाळीस दिवस झाले आणि त्या इटालियन ‘चाळीस’वरून ‘क्वारंटाइन’ आलं. दिवस वाढवून घ्यायची सरकारी हौस तेव्हापासूनची!

तर आमची नौका टिटवी. साडेदहा मीटरची, माणसं दोन. कागदोपत्री कप्तान मी, आमचे हे खलाशी. (हसू नका, यांना भांडून विमानाने घरी जायचं असलं तरी खलाशी-यादीतून नाव उतरवायला माझी सही लागते.) एका बेटावरून निघायचं होतं. रविवार, कचेरी बंद. वारा मात्र असा मागून येणारा, हवा तेवढाच. मी म्हटलं, इथून बाहेर पडल्याचा कागद घेऊन करायचंय काय? चला. पाच दिवसांनी पुढच्या देशात पोचलो, बावटा चढवला, डिंगीतून, म्हणजे सोबतच्या छोट्या होडीतून, एकटी कचेरीत गेले. साहेबांनी पासपोर्ट चाळला, नौकेचं नोंदणीपत्र बघितलं आणि विचारलं, ‘आधीच्या बंदराचं क्लिअरन्स, म्हणजे निघाल्याचा कागद?’ मी वाऱ्याचं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘बाई, कागदोपत्री तुम्ही अजून तिथेच आहात.’

तेव्हा फार राग आला. आता वाटतं, त्यांचं काय चुकलं? विमानातून उतरणाऱ्याची यादी विमान कंपनीने आधीच पाठवलेली असते. आमची हमी कोण देणार? ती देतो तो कागद: ही नौका, एवढी माणसं, अमुक तारखेला, देणं-घेणं फेडून, तुमच्याकडे निघाली. काही देशांत छोट्या नौकेला असा कागद द्यायची पद्धतच नाही. तिथे तो मागून, प्रसंगी हट्ट करून घ्यायचा.

तीन दिवस पिवळ्या बावट्याखाली नांगरून होतो. किनारा समोर, ब्रेडचा वास येतोय, आणि उतरायचं नाही. शेवटी ठरलं की लॉगबुकाची, म्हणजे प्रवासाच्या नोंदवहीची, प्रत आणि माझं शपथपत्र चालेल, पण त्यावर जहाजाचा शिक्का हवा. साडेदहा मीटरच्या होडीला शिक्का! ह्यांनी रात्री टॉर्चच्या उजेडात खोडरबर कोरायला घेतलं. पहिल्यांदा अक्षरं सुलटी कोरली, ती कागदावर उलटी उमटली. मग रबर पालथं घालून दुसऱ्या बाजूवर उलटी कोरली. बॉलपेनची शाई बोटाने पसरून शिक्का मारला, निम्मं नाव उमटलं, निम्मं डागाळलं. साहेबांनी तो कागद उजेडात धरला, मान डोलावली आणि त्याच्यावर स्वतःचे तीन शिक्के मारले.

आणखी एक सांगते, मग टप्पे. आरोग्याच्या जाहीरनाम्यात एक प्रश्न असतो: आजारी प्रवाशांची एकूण संख्या अपेक्षेपेक्षा जास्त होती काय? दोनच माणसं, दोघांना बोट लागलेली. शंभर टक्के! पण अपेक्षेपेक्षा जास्त? मुळीच नाही. पुढे आणखी एक प्रश्न, छुपे प्रवासी सापडले काय. अहो, आमच्याकडे उघड प्रवाशांना झोपायला जागा नाही.

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं. बरं, भराभर.

आधी कळवा. ऑस्ट्रेलियाला पोचण्याआधी किमान १२ तास, न्यूझीलंडला ४८. वेळेचा नियम देशागणिक बदलतो, निघताना ताजा बघा. मग थेट प्रवेश-बंदरातच जा. फिजीत सुवा, लौटोका, सावुसावू, लेवुका अशी ती ठरलेली आहेत. वाटेत कुठलं बेट सुंदर दिसलं म्हणून नांगर टाकायचा नाही. पोचल्यावर कप्तान सोडून कुणी उतरायचं नाही. क्रम साधारण आरोग्य, इमिग्रेशन, कस्टम्स, शेती-जैवसुरक्षा, बंदरप्रमुख. कुठे सगळे एका टेबलाशी भेटतात, कुठे गावभर हिंडवतात. सगळं संपलं की पिवळा उतरवून त्याच उजव्या बाजूला यजमान देशाचा झेंडा.

इमिग्रेशन माणसं मोजतं, कस्टम्स नौका मोजतं, आणि दोघांची दिनदर्शिका वेगळी. शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या सामायिक सीमेच्या देशांत, बाहेरच्या पाहुण्याला १८० दिवसांत ९० दिवस, पण युरोपीय संघाबाहेरच्या मालकाची, बाहेर नोंदलेली नौका करमाफीवर १८ महिने राहू शकते. म्हणजे होडी मागे राहते, मालक बाहेर. अमेरिकेत व्हिसामाफी असलेल्या देशाचा माणूस विमानाने बिनव्हिसा जातो, खासगी नौकेने गेला तर व्हिसा लागतो. औषधं, हत्यारं, दारू आपणहून सांगा, विचारायची वाट बघू नका. न्यूझीलंडमध्ये मध आणि ताजी फळं काढून घेतात, आणि तिथे नौकेचं बूडही स्वच्छ लागतं. इक्वाडोरच्या गालापागोस बेटांवर तर बुडाला जीव चिकटलेले दिसले की खोल समुद्रात जाऊन खरवडून या म्हणतात. रविवारी पोचलात तर जादा आकार पडू शकतो.

आणि निघताना तो कागद. खाली ‘पुढचं बंदर’ असा रकाना असतो, तिथे खरोखर जिथे जाणार तेच लिहा.

झालं, उठते. ते खोडरबर टेबलावर ठेवलंय, हातात घेऊन बघा. फक्त जपून, मघाशी निमंत्रणपत्रिकेवर मारून बघितलं, शाई ओली आहे.